दम्याचा रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा: इओसिनोफिल, आयजीई, सीआरपी आणि त्यांच्या मर्यादा

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतल्या कुठल्याही छातीच्या दवाखान्याबाहेर थोडा वेळ बसलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "याला दमा नाही हो, इओसिनोफिलिया आहे." बोलणाऱ्याच्या आवाजात सुटका झाल्याचा भाव असतो. हातात सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट असतो आणि त्यात इओसिनोफिलपुढे ११ टक्के असं ठळक छापलेलं असतं. दुसऱ्या बाकावर नेमकं उलटं चाललेलं असतं: "आता रिपोर्ट नॉर्मल आला, पंप बंद करू का?"

दोन्हीकडे एकाच आकड्यावर नको तेवढा भार टाकला जातो. इओसिनोफिल हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. रक्तात त्या वाढणं ही खूण आहे. त्यामागे दमा असू शकतो, जंत असू शकतात, हत्तीरोगाची कृमी असू शकते, एखादं औषध असू शकतं. आणि आकडा खाली आला म्हणजे श्वासनलिकेची सूज गेली असंही होत नाही. तरीही ही तपासणी मला मोलाची वाटते, कारण ती स्वस्त आहे, कुठेही होते, आणि नीट वाचली तर पुढचा अटॅक येण्याचा धोका किती हे बऱ्यापैकी सांगते. ती नीट कशी वाचायची, ते क्रमाने पाहू.

आधी हे कळू द्या: रक्तात आपण काय शोधतोय

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते. बऱ्याच रुग्णांत ही सूज ज्या प्रकारची असते तिला डॉक्टर 'टाइप टू' म्हणतात. या प्रकारात शरीर काही निरोप्या प्रथिनं सोडतं. त्यातलं इंटरल्यूकिन-५ हाडांच्या मगजातून इओसिनोफिल पेशी बाहेर काढतं आणि त्यांना जगवतं. इंटरल्यूकिन-४ मुळे आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी जोडलेलं रक्तातलं प्रतिपिंड, वाढतं. इंटरल्यूकिन-१३ मुळे चिकट कफ होतो आणि नळ्या चिडचिड्या बनतात. म्हणजे रक्तातला आकडा फुप्फुसातल्या घडामोडींची सावली दाखवतो, थेट फुप्फुस दाखवत नाही.

याचा व्यवहारात अर्थ असा: इओसिनोफिल जास्त असलेल्या दम्यावर स्टेरॉइडचा पंप सहसा चांगला चालतो आणि तो न घेतल्यास अटॅकचा धोका जास्त असतो. पण आज तुम्हाला किती दम लागतोय, हे या आकड्यावरून कळत नाही. ६०० इओसिनोफिल असलेली बाई अंबाझरीला आरामात फेरी मारून येईल आणि १०० असलेल्या काकांना एक जिना चढवणार नाही, असं होऊ शकतं.

रक्त कधी आणि कसं द्यायचं

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून थोडं सविस्तर.

उपाशीपोटी जायची गरज नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडंसं रक्त घेतात आणि त्यात सीबीसी होऊन जाते. वेळ मात्र महत्त्वाची आहे. शरीरातलं कॉर्टिसॉल सकाळी वाढतं तसे इओसिनोफिल कमी होतात, आणि रात्री कॉर्टिसॉल उतरलं की पुन्हा वर चढतात. एका महिन्यात सकाळी अकराला रक्त दिलं आणि पुढच्या वेळी रात्री आठला दिलं, तर दमा होता तसाच असूनही आकडा बदललेला दिसेल. तुम्हाला जमेल ती वेळ ठरवा, सकाळी नऊ म्हणा, आणि दर वेळी त्याच सुमारास जा. शक्यतो लॅबही तीच ठेवा.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकोर्ट, बीटामेथासोन, डेक्सामेथासोन यांतली कुठलीही स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन इओसिनोफिल काही तासांत खाली आणतं. म्हणून अटॅकसाठी गोळ्यांचा कोर्स झाला असेल तर तो संपल्यावर किमान एक-दोन आठवडे थांबून रक्त द्या. नवीन डॉक्टरांकडे जात असाल तर कोर्स सुरू होण्याच्या आधीचा जुना रिपोर्ट शोधून काढा. नंतरच्या चार रिपोर्टपेक्षा तो एक जास्त कामाचा असतो. 'जडीबुटी' म्हणून बिनलेबलच्या पुडीत मिळणाऱ्या दम्याच्या औषधांचं नाव इथे मुद्दाम घेतो. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलेलं आहे. "पुडीने दमा पंधरा दिवसांत बसला आणि रक्तही नॉर्मल आलं" यामागचं कारण तेच असू शकतं. पुडी घेत असाल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. ती दाखवायला सोबत न्या.

तिसरी गोष्ट तापाची. टायफॉइड किंवा न्यूमोनियासारख्या तीव्र संसर्गात इओसिनोफिल जवळपास दिसेनासे होतात. तापात काढलेल्या सीबीसीवरून दम्याचा निष्कर्ष काढू नये.

आणि दम लागलेला असताना तर लॅबच्या रांगेत उभंच राहू नये. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, निळ्या पंपाने (दम लागल्यावर नळ्या लगेच मोकळ्या करणाऱ्या) आराम पडत नसेल किंवा बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन ९२ च्या खाली असेल, तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत चला. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत, दोन्हीकडे ती रात्रंदिवस उघडी असते. वाटेत पंप चालू ठेवा.

टक्के सोडा, आकडा काढा

रिपोर्टमध्ये इओसिनोफिलचे टक्के असतात. टक्क्यांवर निर्णय घेऊ नका. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले टक्के भागिले शंभर, हा खरा आकडा, म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तात किती इओसिनोफिल आहेत ते. त्याला ॲब्सोल्युट इओसिनोफिल काउंट, म्हणजे एईसी म्हणतात.

एक उदाहरण. समजा मानेवाडा भागातल्या एका शाळामास्तरांचा जूनमधला रिपोर्ट असा आहे: पांढऱ्या पेशी ९,२००, इओसिनोफिल ६ टक्के. एईसी झाला ५५२. जुलैत अटॅक आला, पाच दिवस प्रेडनिसोलोन घेतलं आणि चौथ्या दिवशी पुन्हा रक्त दिलं. पांढऱ्या पेशी १३,४००, न्यूट्रोफिल (जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ८४ टक्के, इओसिनोफिल १ टक्का. एईसी १३४. घरचे म्हणतील इओसिनोफिल बरे झाले, पण इन्फेक्शन वाढलं. प्रत्यक्षात दोन्ही बदल त्या गोळीनेच झालेले असू शकतात. स्टेरॉइड न्यूट्रोफिलना रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरून सोडवून प्रवाहात आणतं, म्हणून एकूण पेशी फुगतात. ताप नाही, पिवळा-हिरवा कफ नाही, एक्स-रे साफ आहे, तर केवळ या आकड्यावर अँटिबायोटिक मागू नका.

काही रिपोर्टमध्ये एईसी '०.५५' असा छापलेला असतो आणि पुढे दहाचा नववा घात प्रति लिटर असं एकक असतं. हजाराने गुणलं की ५५० होतात. घाबरायचं किंवा खूश व्हायचं कारण नाही, एकक तेवढं वेगळं आहे.

आणखी एक बारकावा लॅबवाल्यालाच विचारावा लागतो: मशीन थ्री-पार्ट आहे की फाइव्ह-पार्ट? थ्री-पार्ट मशीन इओसिनोफिल वेगळे मोजत नाही. ते मोनोसाइटबरोबर एका गटात टाकतं. मग टेक्निशियन काचपट्टीवर शंभर पेशी मोजून टक्के लिहितो. शंभरातल्या चार म्हणजे खरंच चार असतील असं नाही, दुसऱ्या शंभरात दोन किंवा सात निघतील. दम्याच्या पाठपुराव्यासाठी फाइव्ह-पार्ट मशीनवरचा एईसी मागून घ्यावा.

आकडा हातात आला, आता वाचायचं कसं

स्टेरॉइडची गोळी चालू नसताना एईसी १५० च्या खाली असेल तर टाइप टू सूज कमी असण्याची शक्यता असते. पण एकदा कमी आला म्हणून शिक्का मारायचा नाही. वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा पाहावा लागतो.

१५० ते ३०० हा संदिग्ध पट्टा आहे. भरपूर ताकदीचा स्टेरॉइड पंप नियमित चालू असूनही १५० च्या वर राहत असेल तर सूज अजून धुमसते आहे असं डॉक्टर मानतात. ३०० च्या वर, त्यातही मागच्या वर्षात अटॅक येऊन गेलेला असेल, तर पुढच्या अटॅकचा धोका वाढलेला असतो. लॅबच्या रिपोर्टवर मात्र ४४० किंवा ५०० पर्यंत 'नॉर्मल' छापलेलं असतं. ती मर्यादा सर्वसाधारण लोकांची असते. दम्याच्या माणसाचा ३८० लॅबला नॉर्मल दिसतो, छातीच्या डॉक्टरांना दिसत नाही. रिपोर्टवर तारा नाही म्हणून तो कपाटात ठेवून देऊ नका.

१,५०० च्या वर गेला तर गोष्ट वेगळी. तिथे दमा हे एकटं उत्तर पुरत नाही आणि इतर कारणं शोधावीच लागतात.

नागपूर-विदर्भात हे आधी वगळा

पुस्तकं पाश्चात्त्य देशांत लिहिली जातात, तिथे इओसिनोफिल वाढले की ॲलर्जी-दमा हाच विचार आधी येतो. आपल्याकडे तसं करून चालत नाही.

शेतात अनवाणी चालणाऱ्यांना हुकवर्म होतो, पालेभाज्या नीट न धुतल्या तर गोल जंत होतात. स्ट्राँगिलॉइडिस नावाची कृमी तर वर्षानुवर्षं गुपचूप राहते आणि स्टेरॉइडचा मोठा डोस सुरू केला की अंगभर पसरून जीवघेणी ठरू शकते. म्हणून एईसी बराच वाढलेला असेल आणि गोळ्या लांबणार असतील तर शौचाची तपासणी आणि कृमीवर उपचार आधी, असं विचारून घ्यायला हरकत नाही.

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हत्तीरोग आहे. त्यासाठी घरोघरी गोळ्या खाऊ घालायची मोहीम तुम्ही पाहिलीच असेल. या कृमीला काही जणांचं शरीर फुप्फुसातून तीव्र प्रतिसाद देतं. रात्री खोकला, घरघर, कधी बारीक ताप, वजन उतरणं, आणि एईसी तीन हजाराच्या वर. अशा वेळी रात्री घेतलेल्या रक्ताच्या काचेवर अळ्या सहसा सापडत नाहीत, कारण शरीराने त्या फुप्फुसात अडवलेल्या असतात. फायलेरियाची अँटिबॉडी तपासून आणि एक्स-रे पाहून निदान होतं. उपचार डायइथाइलकार्बामाझिन, साधारण तीन आठवडे. मात्र या गोळ्या 'इओसिनोफिलिया' वाचून प्रत्येकाला द्यायच्या नाहीत. एईसी ६०० असलेल्या शिंका-खोकल्याच्या पोराला त्यांचा उपयोग नाही, आणि खऱ्या दम्याचा पंप तेवढा काळ लांबणीवर पडतो.

दम्यासोबत सायनस, हातापायांना मुंग्या, अंगावर जांभळट चट्टे आणि एईसी १,५०० च्या वर, असं एकत्र आलं तर रक्तवाहिन्यांच्या सुजेचा एक दुर्मीळ आजार असू शकतो. फॅमिली डॉक्टरांना हे सगळं एकाच वेळी सांगा, वेगवेगळ्या खेपेत नको.

आयजीई: एकदा कळलं की पुरे, एक अपवाद सोडून

टोटल आयजीई ॲलर्जीचा कल सांगतं. पण ते जंतानेही वाढतं, त्वचेच्या इसबानेही वाढतं आणि दमा ताब्यात आला तरी खाली येईलच असं नाही. दर तीन महिन्यांनी ते करून घेणं म्हणजे पैसे वाया. मला आढळलेली सर्वांत निष्कारण होणारी फेरतपासणी हीच.

अपवाद बुरशीचा. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीची फुप्फुसात ॲलर्जी झाली तर दमा हट्टी होतो, तपकिरी घट्ट गुठळ्या खोकल्यातून पडतात आणि नळ्या कायमच्या रुंदावतात. दम्याच्या रुग्णात आयजीई ५०० च्या वर आणि ॲस्परजिलसविरोधी विशिष्ट आयजीई पॉझिटिव्ह असेल तर पुढे सीटी स्कॅनपर्यंत जावं लागतं. या आजारात मात्र टोटल आयजीई हेच मोजमाप आहे. उपचारांनी ते उतरतंय का आणि पुन्हा दीडपट चढतंय का, हे डॉक्टर मुद्दाम पाहतात.

आपल्या शहरात यासंदर्भात कूलरकडे लक्ष द्या. एप्रिल-मे उलटून पाऊस लागला की कूलर खिडकीत तसाच राहतो. आतल्या गवताच्या जाळ्या आठवडाभर ओल्या, मग कुजट वास. ओल आली तिथे बुरशी आली. हंगाम सुरू होताना जाळ्या बदला, पाणी साचू देऊ नका, आणि टाकी साफ करायचं काम दम्याच्या माणसाकडे देऊ नका.

सीआरपी आणि ईएसआर

यावर फार वेळ घालवू नये. दोन्ही अंगातल्या सर्वसाधारण सुजेच्या खुणा आहेत. न्यूमोनिया, टीबी, संधिवात, इतकंच काय जास्त वजन, यांनीही वाढतात. दम्याची तीव्रता त्यावर मोजत नाहीत. ताप आणि कफ असताना जंतुसंसर्गाचा अंदाज घ्यायला सीआरपी उपयोगी, बस. पेरिऑस्टिन वगैरे नावं वाचण्यात आली तर ती संशोधनाची मोजमापं आहेत, रोजच्या उपचारात त्यांची गरज नाही.

श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड मोजणारी फेनो चाचणी रक्ताची नाही, पण एईसीची जोडीदार आहे. मोठ्यांत २५ च्या खाली कमी आणि ५० च्या वर जास्त. दोन्ही वाढलेले असतील तर धोका एकेकट्यापेक्षा जास्त. मोठ्या छातीच्या दवाखान्यांत ती होते. नसली तरी उपचार अडत नाहीत.

आकड्याशेजारी चार गोष्टी लिहा

एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, एकूण पेशी, एईसी. शेवटची स्टेरॉइडची गोळी कधी घेतली. कोणता पंप, किती वेळा, आणि खरंच घेतला का. मागच्या महिन्यात रात्री किती वेळा जाग आली आणि निळा पंप किती वेळा लागला. डॉक्टर पाच प्रश्नांची एसीटी, म्हणजे दमा किती ताब्यात आहे ते पाहणारी, चाचणी करून घेतात. तिच्यात २५ पैकी १९ किंवा कमी गुण म्हणजे दमा ताब्यात नाही. घरी पीक फ्लो मीटर (फुंकून श्वासाचा जोर मोजायचं साधन) असेल तर सकाळ-संध्याकाळचा आकडा लिहा. आपल्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली घसरू लागला तर फोन करायची वेळ झाली. ही वही नसेल तर एईसीचा कागद एकटाच पडतो.

एईसी चढा दिसला की डोस वाढवायच्या आधी पंप कसा घेतला जातो ते पाहावं. कॅप्सूल टाकायच्या कोरड्या पावडरच्या पंपात श्वास जोरात आणि खोल ओढायचा असतो. फवाऱ्याच्या पंपात उलट: हलवा, पूर्ण श्वास सोडा, दाबता दाबता हळू ओढा, दहा सेकंद धरा. माणसं नेमकं अदलाबदल करतात. कॅप्सूल हळू चोखतात आणि फवारा झटक्यात ओढून घशात मारतात. फवाऱ्याला स्पेसर लावला तर निम्मी चूक आपोआप सुटते. पंपानंतर गुळण्या करा. आणि 'पंपाची सवय लागते' हे ऐकून तो फक्त दम लागल्यावर घेणाऱ्यांचा एईसी उतरेल कसा? निळा पंप नळी तेवढी रुंदावतो, सूज उतरवत नाही. नुसत्या निळ्या पंपावर राहू नये, असं दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पासून स्पष्ट सांगतात.

किती वेळा तपासायचं? दमा नीट ताब्यात असेल तर दर महिन्याला मुळीच नको. निदानाच्या वेळी, अटॅक येऊन गेल्यावर गोळ्या संपून थोडा काळ लोटला की, आणि उपचार मोठा बदलायचा असेल तेव्हा. एवढं पुरतं.

एईसी कमी, तरी दम लागतोच

तेव्हा दम्याच्या पलीकडे बघावं लागतं: बिडी-सिगारेट, चुलीचा धूर, जुन्या टीबीचे व्रण, वाढलेलं वजन, आम्लपित्त, हृदय. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडची राख असो की भांडेवाडीच्या कचरा डेपोला आग लागली त्या दिवसाचा धूर, त्याने दम लागतो आणि एईसी हलत नाही. इथे स्टेरॉइड वाढवत जाण्यापेक्षा स्पायरोमेट्री करून घ्या. पंपाच्या आधी आणि नंतर फुंकायला लावतात, त्यातून नळ्या उघडतात का ते कळतं.

इंजेक्शनवर असाल तर नियम बदलतात

तीव्र दम्यासाठी आता बायोलॉजिक इंजेक्शनं मिळतात आणि निवड बरीचशी याच रिपोर्टवर ठरते. मेपोलिझुमॅब आणि बेनरालिझुमॅब इओसिनोफिलवर काम करतात. बेनरालिझुमॅबनंतर एईसी जवळजवळ शून्य होतो, त्यामुळे मग तो दमा ताब्यात असल्याचा पुरावा राहत नाही. ड्युपिलुमॅब सुरू केल्यावर काहींचा एईसी सुरुवातीला वाढतो. ओमालिझुमॅबचा डोस सुरुवातीच्या आयजीई आणि वजनावर ठरतो, आणि नंतर टोटल आयजीई उलट चढतं, कारण औषधाला चिकटलेलं आयजीईही मोजलं जातं. तो आकडा पाहून डोस बदलायचा नसतो.

ही इंजेक्शनं महाग आहेत. त्यांच्याबद्दल विचारायला एम्स किंवा मेडिकलच्या छातीच्या ओपीडीत जाताना जुने सगळे सीबीसी तारखेप्रमाणे लावून न्या, गोळ्यांच्या कोर्सच्या तारखा प्रत्येकावर पेनाने लिहून न्या, आणि चालू पंप पिशवीत टाका. घेऊन दाखवायला सांगतीलच.